सावलीची कड आणि सावलीची खोली

पोर्ट्रेटमध्ये सावली फार कडक आली की बहुतेक जण आधी मोठा सॉफ्टबॉक्स (लाइटसमोर पांढरं कापड ताणलेली पेटी) शोधतात. पण नेमकं खटकतंय काय? सावलीची कड धारदार आहे म्हणून, की सावली आतून फार काळी आहे म्हणून? या दोन गोष्टींची सतत गल्लत होते आणि दोन्हींचे इलाज वेगळे आहेत.

एकाच लाइटवर काढलेला फोटो झूम करून नाकाची सावली बघा. उजेड संपतो तिथे रेघ मारल्यासारखी कड दिसते की टोन हळूहळू उतरत जातो? त्यावरून लाइट हार्ड की सॉफ्ट ते कळतं. आता सावलीच्या आत बघा. त्वचेचा पोत, गालावरची लव दिसतेय, की नुसता काळा डाग आहे? हा झाला कॉन्ट्रास्ट, म्हणजे सावलीची खोली.

चेहऱ्याच्या जागेवरून लाइट केवढा दिसतो, त्यावर कड ठरते. 90 सेंमीचा सॉफ्टबॉक्स एक मीटरवरून तीन मीटरवर नेला, तर तो एक मीटरवरच्या 30 सेंमीच्या लाइटएवढाच दिसतो आणि सावली धारदार होते. सूर्याचा व्यास सुमारे 14 लाख किमी. पण तो 15 कोटी किमी लांब आहे, म्हणून उन्हातली सावली कडक पडते. फ्लॅशच्या तोंडावर बसवायची छोटी पांढरी टोपी मोकळ्या मैदानात निरुपयोगी ठरते तीही याचमुळे: लाइटचा आकार जवळपास तेवढाच राहतो. घराच्या खोलीत ती उपयोगी पडते, कारण तिथे प्रकाश भिंतींवर आणि छतावर आपटून परत येतो.

सावलीच्या खोलीचं गणित निराळं. सावलीत दुसरीकडून किती प्रकाश पोहोचतो, एवढंच तिथे मोजायचं. फिल लाइट (सावली भरणारा दुसरा लाइट), रिफ्लेक्टर (प्रकाश परतवणारा फलक), थर्माकोलची शीट, जवळची पांढरी भिंत, सगळे हेच काम करतात. लाइट मीटर लावून दोन्ही गालांवरचा प्रकाश मोजा: एका स्टॉपचा (प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होण्याची एक पायरी) फरक म्हणजे 2:1, दोन स्टॉप 4:1, तीन स्टॉप 8:1. मला चेहऱ्याला 4:1 च्या आसपासचा फरक सगळ्यात आवडतो. घडण दिसते आणि सावलीतला डोळाही हरवत नाही.

आता खरी गोम. सावली उजळावी म्हणून सॉफ्टबॉक्स जवळ आणला, तर कड मऊ होते, पण सावली उलट जास्त गडद होऊ शकते. दोन मीटरवरून एक मीटरवर आल्यावर चेहऱ्यावरचा प्रकाश साधारण चौपट होतो, म्हणून पॉवर दोन स्टॉप कमी करावी लागते. त्याबरोबर भिंतींवरून परतणारा प्रकाशही तेवढाच घटतो, आणि सावली भरून काढणारा तोच तर होता! मागची पार्श्वभूमीही त्याच कारणाने काळवंडते. मग काळे केस, सावलीतला गाल आणि मागचा पडदा एकमेकांत मिसळतात आणि चेहऱ्याचा आकारच फ्रेममधून नाहीसा होतो. अशा वेळी सावलीच्या बाजूची पार्श्वभूमी थोडी उजळली तरी जबड्याची रेषा परत दिसू लागते.

याच्या उलटही करता येतं. हार्ड लाइट आणि भरपूर फिल ही जोडी ब्यूटी फोटोंत छान चालते: कड स्पष्ट, तरी सावलीत तपशील शाबूत. फोटोग्राफर जॉर्ज हरेल यांची 1930 च्या दशकातली हॉलिवूड पोर्ट्रेट्स हार्ड लाइटचीच आहेत, आणि ती देखणी आहेत. हार्ड म्हणजे वाईट, हा समज सोडून द्यायला हवा.

काम करताना फिल बंद ठेवून आधी ‘की लाइट’चा, म्हणजे मुख्य लाइटचा, आकार आणि अंतर पक्कं करा, कारण ते हललं की कड आणि खोली दोन्ही बदलतात. मग सावलीच्या बाजूने रिफ्लेक्टर हळूहळू जवळ आणा. सावली फारच फिकी वाटली तर तिथे काळं कापड धरा. कडेला धक्का न लागता सावली गडद होते.