पार्श्वभूमी : जस्टिन ब्रॉडरिक आणि गॉडफ्लेशचं ड्रम मशीन

बर्मिंगहॅम हे कारखान्यांचं शहर. गिटारवादक टोनी आयोमीच्या बोटांची टोकं तिथल्याच पत्र्याच्या कारखान्यात तुटली आणि पुढे त्याच हातांनी त्यानं ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडला तो जड नाद दिला. गॉडफ्लेश या बँडचा गिटारवादक आणि गायक जस्टिन ब्रॉडरिक त्याच शहरात १९६९ साली जन्मला. आधी हिप्पींच्या कम्यूनमध्ये आणि मग सरकारी वसाहतीत तो वाढला.

त्याचं नाव पहिल्यांदा झालं ते वेगासाठी. नेपाम डेथ या अतिवेगवान बँडच्या ‘स्कम’ अल्बमची पहिली बाजू १९८६ मध्ये रेकॉर्ड झाली, तेव्हा गिटार याच्या हातात होती. वय जेमतेम सतरा. त्या बाजूला सेकंद-दीड सेकंदात संपणारं गाणंही आहे! पण रेकॉर्ड बाजारात येईपर्यंत ब्रॉडरिक बँडमधून बाहेर पडला होता. हेड ऑफ डेव्हिड या बँडमध्ये तो काही काळ ड्रम वाजवत होता.

१९८८ मध्ये बेन ग्रीनला सोबत घेऊन त्यानं गॉडफ्लेश उभा केला आणि सगळा वेग सोडून दिला. ड्रमर घेतलाच नाही. त्या जागी आलं ड्रम मशीन, म्हणजे ठरवून दिलेला ठोका आपोआप वाजवणारं यंत्र. स्वतः ड्रम वाजवणाऱ्या माणसानं हे करावं, यातच मला या बँडचं मर्म दिसतं. माणूस दमतो, रंगात आला की लय किंचित पुढे पळवतो. मशीन तसं करत नाही. ब्रॉडरिकला हिप-हॉपचं वेड होतं, त्यामुळे एकच ठोका फिरून फिरून येण्यातली ताकद त्याला नेमकी ठाऊक होती. १९८९ च्या ‘स्ट्रीटक्लीनर’ अल्बमचं पहिलंच गाणं हेडफोनवर ऐका. खाली ठोका पडत राहतो, ग्रीनचा बास खरखरत त्याला चिकटून चालतो, वर गिटार करकरते, आणि या सगळ्याखालून एक माणूस ओरडत असतो. ते ओरडणं ऐकू येतं म्हणूनच हे संगीत थंड वाटत नाही.

पुढे त्यानं खरे ड्रमरही घेऊन पाहिले. १९९६ मध्ये ब्रायन मँटिया, २००१ च्या ‘हिम्स’ अल्बममध्ये टेड पार्सन्स. रेकॉर्ड वाईट नव्हत्या, पण मशीनच्या ठोक्याची ती निर्दय पकड सुटली, असं माझं मत. त्याच सुमारास ग्रीन बँड सोडून गेला. २००२ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्याच्या तोंडावर ब्रॉडरिक मनानं कोलमडला. दौरा रद्द झाला, बँड मोडला. ‘हिम्स’मधल्या शेवटच्या गाण्याचं नाव होतं ‘जेसू’. तेच त्यानं नव्या बँडला दिलं आणि त्यात तीच संथ, जड गिटार हळवी झाली.

२०१० मध्ये तो आणि ग्रीन पुन्हा एकत्र आले. २०१४ चा अल्बम आला तेव्हा ड्रमच्या जागी पुन्हा मशीन होतं. २०२३ च्या ‘पर्ज’च्या वेळी ब्रॉडरिक स्वतःच्या ऑटिझमबद्दल आणि जुन्या मानसिक आघातांबद्दल उघडपणे बोलला. त्या अल्बमवरही ठोका मशीनचाच आहे, आणि त्याखालून ओरडणारा माणूसही तोच.