सिनेट म्हणजे अमेरिकेची राज्यसभा नव्हे

‘अमेरिकी काँग्रेसने विधेयक मंजूर केलं’ अशी बातमी वाचली की मी आधी पाहतो, नेमकं कोणी मंजूर केलं? काँग्रेस हे दोन सभागृहांचं मिळून नाव. एक प्रतिनिधिगृह, दुसरं सिनेट. दोन्हीकडे एकच मसुदा मंजूर झाल्याशिवाय तो राष्ट्राध्यक्षांच्या सहीला जातच नाही. आपण पटकन लोकसभा-राज्यसभा अशी जोडी लावतो आणि तिथेच फसतो.

प्रतिनिधिगृह लोकसभेसारखं, हे बरंचसं खरं. ४३५ सदस्य, लोकसंख्येप्रमाणे जागा. मुदत मात्र दोनच वर्षांची, त्यामुळे शपथ घेतली न घेतली तोच पुढच्या प्रचाराची तयारी सुरू. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनमधून निवडून गेले ते याच गृहात.

सिनेटचं गणित निराळं. राज्य केवढंही असो, जागा दोनच. कॅलिफोर्नियात जवळपास चार कोटी माणसं, वायोमिंगमध्ये सहा लाखही नाहीत. प्रतिनिधिगृहात त्यांचे ५२ आणि एक, सिनेटमध्ये दोन-दोन. आपल्या राज्यसभेत महाराष्ट्राला १९ जागा नि गोव्याला एक, हे आठवलं की फरक लगेच कळतो. १७८७ साली फिलाडेल्फियात घटना लिहिताना छोटी राज्यं समान जागांसाठी अडून बसली, त्या तडजोडीतून हे आलं. पूर्वी सिनेटर राज्यांची विधिमंडळं निवडत; १९१३ च्या घटनादुरुस्तीनंतर लोक थेट निवडू लागले. मुदत सहा वर्षांची, आणि दर दोन वर्षांनी साधारण एकतृतीयांश जागांची निवडणूक.

आता अधिकार. आपल्याकडे धनविधेयक राज्यसभा १४ दिवसांपलीकडे अडवू शकत नाही. तिकडे करांचं विधेयक प्रतिनिधिगृहातच सुरू व्हावं लागतं खरं, पण सिनेट त्यात बदल करू शकते, ते फेटाळूही शकते. मंत्री, राजदूत, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश यांच्या नेमणुकांवर शिक्कामोर्तब सिनेटचंच. प्रतिनिधिगृहाला तिथे मत नाही. म्हणून मला तरी सिनेटचं पारडं जड वाटतं.

२८ जुलै २०१७ ची पहाट. ओबामांच्या आरोग्य विमा कायद्यातल्या महत्त्वाच्या तरतुदी काढून टाकण्याचा प्रस्ताव सिनेटपुढे होता. कायदा मोडीत काढणारं विधेयक प्रतिनिधिगृहाने मे महिन्यातच मंजूर केलं होतं. मेंदूच्या कर्करोगाचं निदान नुकतंच झालेले रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅक्केन पुढे आले, हात लांब केला, क्षणभर तसाच धरला आणि अंगठा खाली वळवला. ४९ विरुद्ध ५१. ते ‘हो’ म्हणाले असते तर ५०-५० झाले असते, आणि समसमान मतं पडली तरच मत देणारे उपराष्ट्राध्यक्ष पेन्स तिथे हजरच होते.

सर्वाधिक घोटाळा होतो तो महाभियोगात. प्रतिनिधिगृहाने साध्या बहुमताने महाभियोग मंजूर केला म्हणजे पद गेलं, असं अनेकांना वाटतं. ते फक्त आरोपपत्र. खटला चालतो सिनेटमध्ये, आणि दोषी ठरवायला हजर सदस्यांपैकी दोनतृतीयांश मतं लागतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये ट्रम्प यांच्याविरुद्ध ५७ मतं पडली. हवी होती ६७.