टन कार्बनचा की कार्बन डायऑक्साइडचा?

कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू जाळून जगात वर्षाला किती उत्सर्जन होतं? एका अहवालात सुमारे १० अब्ज टन सापडतं, दुसऱ्यात ३७ अब्ज टन. दोन्ही बरोबर आहेत. पहिला आकडा नुसत्या कार्बनचा, दुसरा कार्बन डायऑक्साइडचा.

कार्बनचं अणुवस्तुमान १२, ऑक्सिजनचं १६; म्हणून कार्बन डायऑक्साइडचं रेणुवस्तुमान १२ + ३२ = ४४. कार्बनच्या टनांना ४४/१२ ने, म्हणजे ३.६७ ने गुणायचं. उलट जायचं तर भागायचं. एक लिटर पेट्रोलचं वजन साधारण ७४० ग्रॅम, त्यात कार्बन सुमारे ६४० ग्रॅम. तो पूर्ण जळला की सायलेन्सरमधून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. वाढलेलं वजन हवेतून घेतलेल्या ऑक्सिजनचं.

झाडं, माती, समुद्र यांचा ताळेबंद मांडणारे कार्बन मोजतात, कारण संयुगं बदलली तरी कार्बनचा अणू तोच राहतो. करार आणि सरकारी अहवाल कार्बन डायऑक्साइड मोजतात. टन कार्बन डायऑक्साइडला १०० रुपये कर म्हणजे टन कार्बनला ३६७ रुपये, हे करारावर सही करण्याआधी बघावं.

हवेवरचा परिणाम काढताना ही गल्लत फार महागात पडते. वातावरणाचं वस्तुमान सुमारे ५१.५ लाख अब्ज टन. हवेच्या एका मोलचं (मोल म्हणजे रेणूंची ठरावीक संख्या मोजायचं एकक) वजन सरासरी २८.९७ ग्रॅम, म्हणजे एकूण १.७८ × १०^२० मोल. त्याचा दशलक्षावा भाग १.७८ × १०^१४ मोल. तेवढ्या रेणूंचं वजन कार्बनमध्ये २.१३ अब्ज टन, कार्बन डायऑक्साइडमध्ये ७.८ अब्ज टन. हाच १ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख रेणूंमागे एक रेणू.

आता वर्षाच्या ३७ अब्ज टनांना ७.८ ने भागा: सगळा वायू हवेतच राहिला तर वाढ ४.७ पीपीएम. चुकून २.१३ ने भागलं तर १७ येतात. आणखी एक चूक हमखास होते: वातावरणाच्या वस्तुमानाचाच दशलक्षावा भाग, ५.१५ अब्ज टन, धरून भागायचं. मग उत्तर ७.२ येतं. पीपीएम इथे रेणूंच्या संख्येचं प्रमाण आहे, वजनाचं नाही, आणि कार्बन डायऑक्साइडचा रेणू हवेच्या सरासरी रेणूच्या दीडपट जड आहे.

हवाईतल्या मौना लोआ ज्वालामुखीवर १९५८ पासून हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचं मोजमाप चालू आहे. अलीकडे तिथली वाढ वर्षाला साधारण २.५ पीपीएम दिसते. म्हणजे ४.७ चुकलं असं नाही. जंगलतोडीचं उत्सर्जन मिळवलं तर अपेक्षित वाढ ५ च्या वर जाते. त्यातला जवळपास निम्मा वायू समुद्र आणि वनस्पती शोषून घेतात.

‘समतुल्य’ टन, म्हणजे इतर वायूंचा तापवण्याचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या टनांत मांडलेला आकडा, मात्र या भागाकारात कधीच घालू नयेत. शंभर वर्षांच्या हिशेबाने १ टन मिथेन सुमारे २८ टन समतुल्य धरतात. तो हवेत पूर्ण ऑक्सिडाइझ झाला तरी कार्बन डायऑक्साइड ४४/१६, म्हणजे २.७५ टनच बनतो.