कोकण किनाऱ्यावरील कुपोषण व जीवनसत्त्वांची कमतरता

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनारपट्टीत अपुऱ्या किंवा एकांगी आहारामुळे होणारे विकार. येथील जेवण भातावर उभे आहे. भाताने पोट भरते, पण सोबत मासळी, कडधान्य व पालेभाजी नसेल तर पोटभर जेवूनही शरीराची झीज होते.

तांदळातील ब१ जीवनसत्त्व (थायामिन) मुख्यतः कोंड्यात असते. गिरणीत तांदूळ पांढराशुभ्र केला की ते कोंड्याबरोबर निघून जाते, आणि शिजलेला भात वेळून पाणी टाकले की उरलेसुरलेही जाते. शरीरातील त्याचा साठा दोन-तीन आठवडेच पुरतो. त्यानंतर हातापायांना मुंग्या येतात, पाय सुजतात, हृदय थकते. हाच बेरीबेरी रोग. पांढऱ्या तांदळाशी त्याचा संबंध जावा बेटावर कोंबड्यांवरील प्रयोगांतून डच वैद्य आइकमन यांनी दाखवला. त्यासाठी त्यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. बाळंतिणीला नुसत्या मऊ पांढऱ्या भातावर ठेवले तर तिच्या दुधातही थायामिन कमी पडते आणि अंगावर पिणारे दोन-तीन महिन्यांचे बाळ दगावू शकते. वेळीच इंजेक्शन मिळाले तर तेच बाळ काही तासांत सुधारू लागते.

यावरचा उतारा कोकणात घरोघरी होता. उकड्या तांदळासाठी भात भिजवून मोठ्या हंड्यात उकडतात, साल तडकली की अंगणात वाळवून मग भरडतात. उकडताना थायामिन दाण्याच्या आत मुरते. पेजेचे पाणीही टाकले जात नाही, ते प्यायले जाते. गरिबाचे जेवण म्हणून ही पेज मागे पडली, ही मोठी हानी होय. नाचणीचेही तसेच झाले: १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तांदळात त्याच्या काही टक्केच.

पावसाळा हा कसोटीचा काळ. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणून आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, सुकट, जवळा, सुके बोंबील आणि कुळीथ भरून ठेवतात. जवळा कवचासकट खाल्ला जात असल्याने प्रथिनांबरोबर कॅल्शियमही मिळते. याच दिवसांत टाकळा, भारंगी, कुरडू या रानभाज्या उगवतात. सिंधुदुर्गात गोकुळाष्टमीला आंबोळीबरोबर शेगलाची, म्हणजे शेवग्याच्या पाल्याची, भाजी करतात. पाल्यातील कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते आणि भाजीतल्या ओल्या खोबऱ्यातील स्निग्धांशामुळे ते नीट शोषले जाते. हे जीवनसत्त्व कमी पडले की प्रथम रातांधळेपणा येतो, मग बुबुळ कोरडे पडून दृष्टी कायमची जाऊ शकते.

लोहाच्या कमतरतेमुळे होणारा रक्तक्षय स्त्रियांत अधिक. पापण्यांची आतली बाजू फिकी पडते, चढ चढताना धाप लागते. जेवणाबरोबरचा चहा लोह शोषू देत नाही. लिंबू पिळल्याने ते अधिक शोषले जाते. ओल्या मातीत अनवाणी वावरताना अंकुशकृमी तळव्यांतून शिरतात आणि आतड्यात रक्त शोषतात, तेव्हा नुसत्या लोहाच्या गोळ्या पुरत नाहीत, जंताचे औषधही लागते.

सर्वांत तीव्र कुपोषण आदिवासी पाड्यांवर दिसते. रायगडमधील अनेक कातकरी कुटुंबे पावसाळा सरला की वीटभट्ट्या व कोळसाभट्ट्यांवर जातात आणि मुलांची अंगणवाडी सुटते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषित समजतात. सुकटी (मरास्मस) या प्रकारात मूल हाडांचा सापळा होते. सुजवटी (क्वाशिओरकोर) या प्रकारात पाय व चेहरा सुजल्याने ते बाळसेदार भासते आणि आजार लक्षात यायला उशीर होतो. अशा मुलाला एकदम भरपूर खाऊ घालणे जिवावर बेतू शकते, म्हणून आहार थोडा-थोडा, दिवसातून अनेकदा आणि वैद्यकीय देखरेखीखाली वाढवतात.