कपाटाच्या दारांची जुळवणी

चपट्या खोक्यातून सुट्या भागांत येणाऱ्या आणि घरी जोडल्या जाणाऱ्या कपाटांची दारे काही काळाने खाली झुकतात, एकमेकांवर घासतात किंवा जड चालू लागतात. दार न बदलता, बिजागरीवरचे स्क्रू फिरवून आणि गरज पडल्यास बोर्डातली सैल भोके भरून ती पुन्हा रेषेत आणणे म्हणजे दारांची जुळवणी. मॉड्युलर किचन, वॉर्डरोब, टीव्ही युनिट अशा बहुतेक ठिकाणी एकाच जातीची छुपी बिजागरी असते. आपल्याकडचे सुतार तिला ऑटो हिंज म्हणतात. त्यामुळे एक दार जुळवता आले की घरातली बहुतेक दारे जुळवता येतात.

सुट्या भागांचे फर्निचर जगभर नेण्यात स्वीडनच्या आयकिया कंपनीचा वाटा मोठा आहे. तिथले डिझायनर गिलिस लुंडग्रेन यांनी १९५० च्या दशकात गाडीत मावेना म्हणून टेबलाचे पाय काढले आणि त्यातून ही कल्पना रुजली, असे सांगितले जाते. भारतात कंपनीचे पहिले दुकान २०१८ मध्ये हैदराबादला सुरू झाले. त्यानंतर २०२० च्या डिसेंबरात नवी मुंबईतले दुकान उघडले. मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून मराठी शहरांत तयार बोर्ड आणि ऑटो हिंज वापरून कपाटे बनत होती.

या बिजागरीचे तीन भाग असतात. दाराच्या आतल्या बाजूला ३५ मिमी व्यासाचे आंधळे, म्हणजे आरपार न जाणारे, भोक पाडून त्यात कप बसवलेला असतो, कपाटाच्या बाजूच्या फळीवर प्लेट असते आणि दोघांना जोडणारा वाकडा हात मध्ये असतो. हा हात किती वाकडा आहे त्यावरून झिरो, आठ आणि सोळा क्रँक असे प्रकार पडतात. दार फळी पूर्ण झाकत असेल तर झिरो, एकाच फळीवर दोन बाजूंनी दोन दारे असतील तर आठ आणि दार चौकटीच्या आत बसत असेल तर सोळा. बिजागरी बदलायची वेळ आली तर जुनी काढून दुकानात सोबत न्यावी. क्रँक चुकला की कितीही स्क्रू फिरवले तरी दार जागेवर येत नाही.

बिजागरीच्या हातावर दाराकडचा स्क्रू दार डावीकडे-उजवीकडे सरकवतो, मागचा स्क्रू दार आत-बाहेर घेतो आणि प्लेटवरचे स्क्रू ते वर-खाली नेतात. बहुतेकांची गल्लत इथेच होते. दार खाली आले म्हणून लोक वर-खाली नेणारे स्क्रू सैल करतात, दार उचलून धरतात, पुन्हा कसतात आणि ते तसेच तिरके राहते. झुकलेले दार सहसा खाली घसरलेले नसते, ते स्वतःभोवती थोडे फिरलेले असते. ओळखायची खूण सोपी आहे: दाराच्या वरची फट बिजागरीच्या बाजूला अरुंद आणि मोकळ्या टोकाला रुंद दिसते. अशा वेळी वरच्या बिजागरीच्या डावी-उजवीकडे सरकवणाऱ्या स्क्रूने दार बिजागरीच्या फळीकडे ओढावे आणि खालच्या बिजागरीने तितकेच विरुद्ध दिशेला ढकलावे. मोकळे टोक आपोआप वर येते. एका वेळी अर्धा फेरा द्यावा, दार बंद करून फट बघावी आणि मगच पुढचा अर्धा फेरा द्यावा. दोन दारांमध्ये साधारण २ ते ३ मिमी फट राहिली की पुरे. स्क्रूच्या डोक्याला नेमका बसणारा स्क्रू ड्रायव्हर घ्यावा, डोके झिजले तर पुढचे सगळे काम अडते.

स्क्रूला हात लावण्याआधी कपाटाचा खोका, म्हणजे दारांमागचा सांगाडा, तपासणे मात्र चुकवू नये. लादी एका कोपऱ्यात खाली असेल तर कपाट पिळले जाते आणि बिजागऱ्या निर्दोष असूनही दारे वरखाली दिसतात. टेपने समोरचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे आले तर खोका काटकोनात आहे. फरक आला तर आधी पाय किंवा पाचर देऊन लेव्हल करावी. मागची पातळ फळी खाचेतून निसटली आहे का, तेही पाहावे. तिला कुणी महत्त्व देत नाही, पण खोक्याला काटकोनात धरून ठेवणारी तीच असते.

आता वजनाचा हिशेब. ४५० मिमी रुंद, २००० मिमी उंच आणि १८ मिमी जाड पार्टिकल बोर्डाचे दार सुमारे ११ किलो भरते. एवढे ओझे दोन बिजागऱ्यांवर टाकले तर स्क्रू सैल होणारच. साधारण ९०० मिमी उंचीपर्यंत दोन, १६०० पर्यंत तीन आणि २००० मिमीपर्यंत चार बिजागऱ्या लागतात. पैसे वाचवायला एक कमी लावणे ही या कामातली सर्वांत खोटी बचत आहे.

खरे दुखणे बोर्डात असते. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा किंवा उसाचे चिपाड रेझिनने दाबून केलेली फळी. तिचे दोन्ही पृष्ठभाग घट्ट आणि पोट भुसभुशीत असते. ड्रिल मशीनने स्क्रू जास्त कसला की पोटातल्या कणांची पकड सुटते आणि तो जागच्या जागी गरगर फिरू लागतो. बाहेर काढला तर त्याच्या आट्यांत भुसा अडकलेला दिसतो. मुंबई-कोकणात पावसाळ्यातली दमट हवा आणि सिंकखालची गळती यांनी बोर्ड फुगतो, आणि एकदा फुगलेला बोर्ड वाळला तरी पूर्ववत होत नाही.

सैल भोकात लांब स्क्रू घालू नये, तो १८ मिमीच्या दारातून आरपार जाऊन सनमायका फोडतो. थोडेच सैल असेल तर काड्यापेटीच्या काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून ठोकल्या तरी चालते. पक्के काम करायचे तर भोक ८ मिमीच्या ड्रिलने साफ करावे. ड्रिलला १२ मिमीवर चिकटपट्टीची खूण करावी म्हणजे पलीकडे जाणार नाही. त्यात फेव्हिकॉल लावलेली लाकडी खुंटी ठोकावी, वर आलेला भाग पृष्ठभागाला समतल कापावा आणि एक पूर्ण दिवस थांबावे. मग २.५ मिमीचे भोक पाडून ३.५ × १६ मिमीचा स्क्रू हाताने बसवावा. शेवटचे फेरे हातानेच द्यावेत, मशीनने नाही. कपाभोवतीचा बोर्डच तुटला असेल तर लोखंडी रिपेअर प्लेट लावावी किंवा बिजागरी थोडी वर-खाली घेऊन कटरने ३५ मिमीचे नवे भोक पाडावे.

जड चालणाऱ्या दाराची कारणे वेगळी. स्वयंपाकघरात फोडणीचा तेलकट थर आणि धूळ बिजागरीच्या हातांच्या सांध्यात घट्ट बसते. ती साबणाच्या ओल्या फडक्याने पुसून, कोरडी करून सिलिकॉन स्प्रे मारावा. घरोघरी वापरले जाणारे खोबरेल तेल इथे उपयोगी नाही: ते धूळ धरते आणि साधारण २४ अंशांखाली गोठते, म्हणजे पुण्या-नाशिकच्या थंडीत दार आणखी अडते. दोन बिजागऱ्या एका उभ्या रेषेत नसतील तरी दार ओढल्यासारखे चालते. तेव्हा प्लेट सैल करून पुन्हा सरळ बसवावी. दार हळू बंद करणाऱ्या सॉफ्ट क्लोजच्या दट्ट्यात तेल कधीही घालू नये. तो बिघडला की दार एकदम आपटते किंवा मध्येच थांबते, आणि मग तेवढी बिजागरी बदलणे हाच उपाय उरतो.