लोकसेवकांचे उत्तरदायित्व (मराठवाडा)

लोकांच्या पैशावर आणि कायद्याने दिलेल्या अधिकारावर काम करणाऱ्याने त्या कामाचा हिशेब देणे, चुकल्यास परिणाम सोसणे आणि कोणी पाहत नसतानाही हात स्वच्छ ठेवणे, या सगळ्याला मिळून शासकीय उत्तरदायित्व म्हणतात. बोलीत यासाठी एक आखूड शब्द आहे : जाब. तो ‘जवाब’वरून आला. पण मराठवाड्यातला माणूस ‘साहेबाला जाब विचारला’ म्हणतो तेव्हा त्यात उत्तर मागण्यापेक्षा खडसावणे जास्त असते. याचे कारण इतिहासात आहे. इथल्या कारभारात वरचा खालच्याला जाब विचारी. खालच्याने वरच्याला विचारायचे तर आवाज चढवल्याशिवाय भागत नसे. तशी सोय कायद्यात आली ती अलीकडे, आणि तीही तुकड्यातुकड्यांनी.

छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर आणि धाराशिव या आठ जिल्ह्यांचा हा प्रदेश. तो १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. मग द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आला. शंभर वर्षांच्या आत एकाच चावडीवर तीन राज्यांचे नियम लागू झाले.

जुनी परंपरा : यादवांच्या देवगिरीत हेमाद्री हा ‘श्रीकरणाधिप’ होता, म्हणजे राज्याच्या दप्तराचा मुख्य. याच देवगिरीच्या किल्ल्यावर पुढे जनार्दनस्वामी किल्लेदार असताना पैठणचे एकनाथ त्यांच्याकडे हिशेबाचे काम पाहत. एका पैचा मेळ बसेना म्हणून एकनाथांनी रात्र जागून काढली आणि पहाटे चूक सापडताच आनंदाने टाळी वाजवली, ही कथा कीर्तनात आजही सांगितली जाते. असे चित्त देवाकडे लावलेस तर काय होईल, या गुरूच्या प्रश्नावर कीर्तनकार पुढे भक्तीकडे वळतात. प्रस्तुत विषयासाठी मात्र कथेचा पहिला अर्धाच मोलाचा आहे : पैसा राज्याचा, चूक एका पैची, विचारणारे कोणी नाही, आणि तरीही झोप उडालेली. दुष्काळात बादशाही कोठार भुकेल्यांसाठी उघडणारे दामाजीपंत मंगळवेढ्याचे, म्हणजे मराठवाड्याच्या शेजारचे; पण ते बेदरच्या सत्तेचे चाकर असल्याने त्यांची कथा या भागालाही आपलीच वाटते. दोन्ही कथांत अधिकाऱ्याचा हिशेब अखेर देवापाशी किंवा मालकापाशी होतो. रयत त्यात हात जोडून उभी असते.

निजामी कारभार : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत संस्थानात सारा वसुली बरीचशी मक्त्याने, म्हणजे गुत्त्याने दिली जाई. ठरलेली रक्कम सरकारात भरायची, वर जे निघेल ते आपले. १८५३ मध्ये दिवाण झालेल्या सालारजंग यांनी ही पद्धत मोडून पगारी अधिकारी नेमले आणि जिल्हे आखले. जिल्ह्याचा प्रमुख अव्वल तालुकदार, खाली तहसीलदार, त्याच्या मदतीला पेशकार, मंडळावर गिरदावर आणि गावात पटेल-पटवारी अशी उतरंड होती. पगार आला तशी हिशेबतपासणीही आली. मात्र सर्फ-ए-खास, म्हणजे निजामाची खासगी मालमत्ता, आणि जहागिरी या मोठ्या मुलखात तिचा जोर पोचत नसे. दरबारात अधिकारी निजामाला नजर म्हणून अशर्फी, म्हणजे सोन्याचे नाणे, देत. तोच रिवाज खाली झिरपत गावात ‘मामूल’ म्हणून उतरला. मामूल म्हणजे नेहमीचे, रिवाजाचे. ते देणाऱ्याला लाच वाटत नसे, घेणाऱ्यालाही नाही. कारभाराची भाषा आधी फारसी, पुढे उर्दू, आणि वर्ष मोजायचे ते फसली सनात, म्हणजे पिकांच्या हंगामावर बेतलेल्या कालगणनेत. आपल्याच शेताच्या कागदावर काय लिहिले आहे ते बहुतेक मराठी शेतकऱ्यांना वाचता येत नसे, आणि न वाचता येणाऱ्या कागदाचा जाब विचारणे अवघडच.

शब्द मागे राहिले. रस्त्याचे किंवा तलावाचे काम घेणाऱ्या कंत्राटदाराला मराठवाड्यात आजही गुत्तेदार म्हणतात. ‘नजराणा’ तर कायद्यातच टिकला आहे : वर्ग दोनच्या, म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या, जमिनीची विक्री किंवा वर्गबदल करताना सरकारात भरायच्या रकमेला अधिकृतपणे हेच नाव आहे.

हजेरीपट : १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात आले, पुढच्याच वर्षी जहागिऱ्या रद्द झाल्या. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि निवडून दिलेल्या माणसापुढे अधिकारी बसू लागला. तरीही साध्या मजुराच्या हाती जाब विचारण्याचे पहिले साधन आले ते दुष्काळातून. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात लाखो माणसे खडी फोडायला, पाझर तलाव आणि नालाबंडिंगच्या कामांवर होती. त्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यायचे, नाही तर बेकारी भत्ता. सरकारने काय करायचे हे मुदतीसह लिहिलेले आणि मजुराला सहज समजणारे असे हे कलम होते.

या योजनेने जबाबदारी जशी दिली तशी पळवाटही दिली, आणि दोन्ही एकाच कागदावर : मस्टर, म्हणजे हजेरीपट. मेलेल्यांची, गाव सोडून ऊसतोडीला गेलेल्यांची, कधी सरकारी नोकरांचीही नावे मस्टरवर चढत. मस्टर कारकून, शाखा अभियंता आणि गुत्तेदार यांची साखळी जुळली की तलाव कागदावर पूर्ण होई. पुढे राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याने सामाजिक अंकेक्षण, म्हणजे ग्रामसभेत हजेरीपट वाचून दाखवणे, बंधनकारक केले. कल्पना फार नेमकी आहे. बोगस नाव मुंबईच्या लेखापरीक्षकाला ओळखता येत नाही, शेजाऱ्याला येते. अडचण एवढीच की शेजाऱ्याला त्याच गावात राहायचे असते.

१९९३ च्या ३० सप्टेंबरला किल्लारीला भूकंप झाला. त्यानंतर लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या पुनर्वसनात गावसमित्या आणि ‘संवाद सहायक’ नेमून घरांच्या याद्या व कामे गावापुढे ठेवण्याचा प्रयत्न झाला. तो सगळीकडे सारखा साधला नाही; पण यादी चावडीवर लागली पाहिजे, ही अपेक्षा लोकांत रुजायला त्याची मदत झाली. ही अपेक्षा संगणकाने सुटत नाही हेही दिसले आहे. २०२५ मध्ये जालना जिल्ह्यात अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत अतिवृष्टीच्या अनुदानाच्या याद्यांत अपहार उघडकीस आला आणि तलाठ्यांसह अनेक कर्मचारी निलंबित झाले. पैसे थेट खात्यात जात होते. पण खाती कोणाची हे ठरवणारा लॉगिन शेवटी माणसाच्याच हातात होता.

कायद्याची चौकट : राज्याच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. नितांत सचोटी, कर्तव्यपरायणता, भेटवस्तूंवर मर्यादा, मालमत्तेचे विवरण हे सगळे त्यात आहे. शिस्त व अपील नियमही त्याच वर्षीचे : ठपका, वेतनवाढ रोखणे, पदावनती, सक्तीची निवृत्ती, बडतर्फी अशी शिक्षांची चढती भाजणी त्यात दिली आहे. लोकायुक्तांचे पद महाराष्ट्राने १९७१ च्या कायद्याने निर्माण केले. माहितीच्या अधिकाराचा राज्याचा कायदा आधी झाला आणि २००५ मध्ये केंद्राचा आला. दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत उत्तर. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखल्यांना मुदत बांधली आणि ती चुकवणाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड ठेवला. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन भरतो. मुंबई उच्च न्यायालयाचे औरंगाबादला कामकाज १९८१ मध्ये सुरू झाले, आणि नांदेड-लातूरच्या माणसाला न्यायासाठी मुंबई गाठण्याची गरज उरली नाही. प्रशासनाला जाब विचारण्याच्या दृष्टीने हा बदल वरच्या बहुतेक कायद्यांपेक्षा मोठा मानावा लागेल.

यांतला सर्वांत कमी वापरला जाणारा कायदा म्हणजे २००५ चा बदल्यांचे विनियमन आणि दप्तर दिरंगाईला प्रतिबंध करणारा. अण्णा हजारे यांच्या आंदोलनांच्या रेट्यातून तो झाला. कोणतीही फाईल एका टेबलावर कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. तहसीलमध्ये खेटे घालणाऱ्या कोणाही शेतकऱ्याला हे कलम वाचून दाखवले तर तो हसेल.

सापळा : लाचेविरुद्धची कारवाई लाचलुचपत प्रतिबंधक विभाग करतो, त्याचा टोल फ्री क्रमांक १०६४ गावोगावच्या कार्यालयांच्या भिंतींवर रंगवलेला दिसतो. तक्रार आली की आधी पंचांसमक्ष मागणीची पडताळणी होते. मग नोटांना फिनॉल्फ्थॅलिन किंवा अँथ्रासिन पावडर लावतात. पहिली लावलेले हात सोड्याच्या पाण्यात गुलाबी होतात, दुसरी अतिनील दिव्याखाली चमकते. पंच बहुधा दुसऱ्या खात्याचे सरकारी नोकर असतात. तक्रारदाराने दिलेली रक्कम पुढे शासन त्याला परत करते, हे अनेकांना ठाऊक नसल्याने ते तक्रारच करत नाहीत. अठ्ठेचाळीस तासांहून अधिक कोठडी झाली की कर्मचारी आपोआप निलंबित मानला जातो. मात्र खटल्याला सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागते. तिला वेळ लागतो, तोवर तक्रारदार थकतो किंवा फितूर होतो. तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिले नाही तर निलंबन लांबवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले.

सापळ्यांच्या बातम्यांत ‘खाजगी इसम’ हा शब्द हमखास येतो. तलाठ्याच्या सज्जावर, म्हणजे कार्यालयात, किंवा पोलीस ठाण्यात बिनपगारी काम करणारा, बोलीतला ‘झिरो’, पैसे स्वीकारतो. साहेबाचा हात कोरडा राहतो. चहापाणी, वरकमाई, टक्केवारी असे सौम्य शब्द या व्यवहाराला मिळाले, त्यामागे जुन्या मामूलची सवय आहे असे म्हणायला जागा आहे.

बदली आणि मुख्यालय : राज्याच्या इतर भागांतल्या अधिकाऱ्यांना मराठवाड्यातील नेमणूक बराच काळ शिक्षा वाटत आली. येणारा परतीच्या खटपटीत, आणि पद रिकामे. कोणाला कोणत्या महसुली विभागात नेमायचे हे ठरवणारे विभाग वाटपाचे नियम करून शासनाला इथली पदे भरावी लागली ती यामुळे. गावपातळीवर याचेच लहान रूप म्हणजे मुख्यालयी न राहणे. ग्रामसेवक, तलाठी, शिक्षक यांनी नेमणुकीच्या गावी राहावे आणि त्याच आधारावर घरभाडे भत्ता घ्यावा असा नियम. प्रत्यक्षात तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणाहून ये-जा. २०२२ मध्ये गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी हा प्रश्न लावून धरला तेव्हा शिक्षक संघटनांनी मोर्चे काढले. गावात भाड्याने धड घर मिळत नाही, ही त्यांची बाजूही अगदीच पोकळ नव्हती. तलाठी आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाला. गावात मुक्कामाला मात्र तो क्वचितच असतो.

उलट दिशेचे उदाहरण बीडचे. दुष्काळात चारा छावण्या आणि टँकरच्या हिशेबांवर कडक नजर ठेवणारे जिल्हाधिकारी सुनील केंद्रेकर यांची २०१३ मध्ये बदली होताच लोकांनी बीड बंद ठेवले. अधिकाऱ्यासाठी गाव बंद होते हा त्या अधिकाऱ्याचा गौरव खरा. पण उत्तरदायित्व एका माणसाच्या मुक्कामावर टांगलेले आहे याची ती कबुलीही आहे. बीड जिल्ह्यातल्याच ताडसोन्याचे तुकाराम मुंढे यांच्या नोकरीत वीसपेक्षा जास्त बदल्या झाल्या.

नैतिक जबाबदारी : मराठवाड्याने राज्याला चार मुख्यमंत्री दिले आणि त्यांपैकी तिघांची एकेक कारकीर्द राजीनाम्याने संपली. शिवाजीराव पाटील निलंगेकर १९८६ मध्ये, मुलीच्या वैद्यकीय पदव्युत्तर परीक्षेतील गुणवाढीच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने ताशेरे ओढल्यावर. विलासराव देशमुख डिसेंबर २००८ मध्ये, मुंबईवरील हल्ल्यानंतर. अशोक चव्हाण नोव्हेंबर २०१० मध्ये, मुंबईतल्या आदर्श गृहनिर्माण सोसायटीच्या प्रकरणात. चव्हाणांवर खटला चालवण्याची राज्यपालांची मंजुरी उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द केली. चौथे शंकरराव चव्हाण; शिस्तीमुळे त्यांना ‘हेडमास्तर’ म्हणत. पद सोडणे हा जाब देण्याचा सर्वांत ठळक प्रकार असला तरी तो वरच्याच पायरीवर दिसतो. तहसीलदाराच्या पायरीवर त्याची जागा बदली घेते.

अभिलेख : माहिती अधिकाराच्या अर्जाला मिळणारे एक ठरीव उत्तर ‘अभिलेख आढळून येत नाही’ असे असते. सार्वजनिक अभिलेखांचा राज्याचा स्वतंत्र कायदा २००५ चा आहे आणि कागद बेकायदा नष्ट करणे हा त्यात गुन्हा आहे. तरी वाळवीने खाल्लेल्या गठ्ठ्याबद्दल कोणाला शिक्षा झाल्याचे सहसा ऐकू येत नाही. २०२३ मध्ये मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि निजामकाळातील रजिस्टरांचे गठ्ठे तहसीलोतहसील सोडले गेले. तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारी माणसे बाहेरून आणावी लागली. स्वतःच्याच दप्तरातले ते कागद वाचू शकणारे लोक कार्यालयांकडे उरले नव्हते.