विश्वासात टिकून राहणे

विश्वासात टिकून राहणे : बाप्तिस्म्यापासून अखेरच्या श्वासापर्यंत ख्रिस्तावरची निष्ठा न सोडणे, अशा अर्थाची ख्रिस्ती धर्मशास्त्रातील संकल्पना. प्रस्तुत नोंदीत तिचा विचार मुख्यतः कोल्हापूरच्या मराठी मंडळीच्या (चर्चच्या) संदर्भात केला आहे.

नव्या करारात यासाठी येणारा ग्रीक शब्द ‘ह्युपोमोने’. त्याचा धात्वर्थ ओझ्याखाली तसेच उभे राहणे. मराठी पवित्र शास्त्रात तो बहुधा ‘धीर’ किंवा ‘सहनशीलता’ होऊन येतो. रोमकरांस पत्राच्या ५ व्या अध्यायात प्रेषित पौल संकटातून धीर, धीरातून शील आणि शीलातून आशा अशी साखळी जोडतो. पेरणाऱ्याच्या दाखल्यात खडकाळ जागी पडलेले बी लगेच उगवते आणि मूळ नसल्यामुळे उन्हाने करपते. उगवणे आणि टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येशूने शेतकऱ्याच्या भाषेतच सांगितले आहे.

पौलाचे आवडते दाखले मात्र शेतातले नाहीत, मैदानातले आहेत : शर्यत, मुष्टियुद्ध, कुस्ती. इफिसकरांस पत्राच्या ६ व्या अध्यायात मराठीत जिथे ‘झगडणे’ आहे, तिथे मूळ शब्द ‘पाले’, म्हणजे सरळ कुस्तीच. शाहू महाराजांच्या काळात १९१२ साली खासबाग मैदान उभे राहिलेल्या गावात या उपमेवर टीप द्यावी लागू नये. एक कुस्ती मारली म्हणून पैलवानाची मेहनत थांबत नाही. खुराक, जोर-बैठका आणि वस्तादाचा धाक रोजचाच असतो. पौलाला म्हणायचे आहे ते जवळपास हेच.

खरा वाद आहे तो टिकवतो कोण याचा. चौथ्या-पाचव्या शतकांतला धर्मपंडित ऑगस्टीन शेवटपर्यंतच्या स्थिरतेला देवाची देणगी मानत असे. हॉलंडमधील डॉर्टच्या धर्मसभेने (१६१८–१९) आणि प्रेस्बिटेरियन पंथ मानतो त्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकाराच्या (श्रद्धापत्राच्या) १७ व्या अध्यायाने हाच धागा पुढे नेला : देवाने निवडलेला माणूस पडेल, पण कायमचा पडून राहणार नाही. डच धर्मशास्त्रज्ञ आर्मिनियसच्या अनुयायांनी १६१० साली हा प्रश्न उघडा ठेवला होता, तर मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने खरा विश्वासणाराही विश्वास गमावू शकतो असे शिकवले. रोमन कॅथलिक शिकवणीत ही देणगी मोठी आहे, पण विशेष प्रकटीकरणावाचून ती आपल्याला मिळालीच आहे अशी खात्री कोणी बाळगू नये, असे ट्रेंटच्या सभेने १५४७ साली ठरवले. मराठीत हा सगळा वाद दोन क्रियापदांत मावतो : ‘टिकणे’ आणि ‘टिकवणे’. ‘राखणे’ तर दोन्हीकडे चालते. तीमथ्याला लिहिताना पौल आपण विश्वास राखला म्हणतो, आणि यहूदाच्या पत्रात पतनापासून राखणारा देव असतो.

कोल्हापुरात ही शिकवण आली ती प्रेस्बिटेरियन, म्हणजे ‘टिकवणारा देव’ मानणाऱ्या परंपरेतून. रॉयल गूल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली संस्थानात आले. प्रकृतीमुळे त्यांना मायदेशी जावे लागले, त्यांच्या मिशन मंडळाशी संबंध तुटले, तरी ते परतले आणि काही वर्षे स्वतंत्रपणे काम करत राहिले. १८७० साली हे काम प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेले. शहरातले वाइल्डर मेमोरियल चर्च त्यांच्या नावाचे. जगभरच्या विद्यार्थी मिशन चळवळीचा एक प्रवर्तक ठरलेला त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली कोल्हापुरातच जन्मला. पुढे १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यात प्रेस्बिटेरियनांबरोबर अँग्लिकन आणि ब्रिटिश मेथडिस्ट परंपरेचे लोकही आले. त्यामुळे वेस्टमिन्स्टर आणि वेस्ली आता एकाच छताखाली नांदतात. सामान्य उपासकाला याचे फारसे काही वाटत नाही.

त्याला जाणवते ती किंमत. मिशनच्या काळात या भागात बाप्तिस्मा घेणाऱ्यांत दलित जातींतली कुटुंबे बरीच होती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. शिखांना तो १९५६ साली आणि बौद्धांना १९९० साली मिळाला, ख्रिस्ती दलितांना नाही. जातीच्या दाखल्याच्या रांगेत उभ्या असलेल्या तरुणाला ‘टिकून राहा’ हा उपदेश प्रवचनातल्यापेक्षा वेगळा ऐकू येतो. धर्मशास्त्राच्या पुस्तकांत या रांगेचा उल्लेख क्वचितच सापडतो.

व्यवहारात टिकण्याचे काम सहसा एकट्यावर सोडलेले नसते. घरची संध्याकाळची उपासना, संडे स्कूल, दृढीकरण (विश्वास स्वतःच्या तोंडाने कबूल करण्याचा विधी), प्रभुभोजन, घरोघरच्या प्रार्थनासभा आणि गैरहजर माणसाच्या दारी जाणारे पाळकसाहेब ही त्याची साधने. उत्साह ओसरला की माणूस ‘गार पडला’ म्हणतात. ‘कोमट’ हा शब्द त्याहून कडक, कारण तो प्रकटीकरणाच्या पुस्तकातल्या लावदिकीया येथील मंडळीला सुनावलेला आहे. कोंबडा आरवण्याआधी तीनदा नाकारणारा पेत्र आणि पौलाला सोडून गेलेला देमास ही पडण्याची दोन ठरलेली उदाहरणे. पेत्र परतला, देमासाचे पुढे काय झाले ते नवा करार सांगत नाही.

जीवनाला यात्रा मानण्याची कल्पना मराठीत छापून आली ती १८४१ साली, हरि केशवजींच्या ‘यात्रिकक्रमण’मध्ये. बेडफर्डच्या तुरुंगवासाशी जोडल्या जाणाऱ्या, जॉन बन्यन या इंग्रज लेखकाच्या ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ या रूपककथेचे ते भाषांतर. अंबाबाई आणि जोतिबाच्या मुलखात यात्रा कोणाला नवी नव्हती. वेगळे होते ते एवढेच, की वारकरी आषाढी करून घरी येतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा निघतो, तर बन्यनचा यात्रिक एकदाच निघतो आणि त्याला परतीची वाट नसते. मराठी ख्रिस्ती माणूस वारल्यावर ‘प्रभूत निजला’ म्हणतात.